आधी ओढा मोजू, मग ठरवू



लागणीच्या तारखा, को ८६०३२ चे बेणे, खताचे हप्ते, पाचट व्यवस्थापन हे आमचे नेहमीचे विषय. या अंकात थोडी वाट वाकडी करून आम्ही जंगलाविषयी लिहीत आहोत. "ऊसवाल्यांना जंगलाचं काय पडलंय?" असे काही सभासद म्हणतील. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो.

कारण असे झाले. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात ओढा रुंद करून दोन्ही काठ साफ करायचा विषय निघाला आहे. काठ साफ करायचे म्हणजे करंज, उंबर, जांभूळ अशी जुनी झाडे काढायची. विषय ग्रामसभेपुढे यायचा आहे. दोन्ही बाजूंचे सभासद आपलेच. गट ऑफिसात येऊन त्यांनी विचारले, "साहेब, ऊस विकास विभागाचं मत काय?" मत द्यायला आम्ही कागद-पेन घेऊन बसलो आणि थांबलो. त्या गावचे ऊसक्षेत्र आम्हांला गुंठ्यांपर्यंत पाठ. आडसाली किती, खोडवा किती, कोणाचा ऊस लोळला, सगळे रजिस्टरला आहे. पण ओढ्यावर झाडे किती, कोणती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, त्या झाडीत काय राहते, यातले एक अक्षर आमच्याकडे नव्हते. गावाकडेही नव्हते. "झाडं कामाची" आणि "झाडं अडचणीची" अशी दोन मते मात्र जोरात होती.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला एका आजोबांनी आम्हांला आधीच विचारला होता. आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली होती.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काही सभासदांसह चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेलो होतो. खरे म्हणजे बेत ताडोबाचा होता. वाघ पाहायचा, फोटो काढायचे, परत यायचे. ताडोबा हे आपल्या राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. पुढे १९९५ साली शेजारचे अंधारी अभयारण्य जोडून त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ दिसला नाही. ऊन मात्र असे की आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन त्यापुढे सावली वाटावे. दोन दिवस हाताशी होते, तेव्हा बरोबरच्या एका सभासदाने मेंढा गावाचे नाव काढले. त्यांच्या मुलाने कॉलेजात त्या गावावर काही वाचले होते. चंद्रपूरहून मूल, सावली, मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली आणि तिथून धानोऱ्याच्या रस्त्याला मेंढा. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. कठाणी नदीच्या अंगाला वसलेले, पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड आदिवासींचे गाव. शिवाराचा बहुतेक भाग जंगलच.

या गावाची हकिगत थोडक्यात सांगतो.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच सुमारास इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन मोठी धरणे ठरली होती. मोठे जंगल आणि कित्येक आदिवासी गावे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९८४-८५ मध्ये 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. बाबा आमटे त्यात होते आणि भागातले आदिवासी पुढारीही होते. धरणे बारगळली. आंदोलने होतात, संपतात आणि माणसे घरी जातात. मेंढ्याची माणसे घरी जाऊन विचार करत बसली. धरण थांबले, पण जंगल रोजच्या रोज चाललेय त्याचे काय? देवाजी तोफा हे त्या गावचे पुढारी. चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल १९८७ च्या सुमारास गावात येऊ लागले. त्यांनी पुढारपण केले नाही की योजना आणली नाही. गावकरी बसतील तिथे बसायचे, विचारतील ते सांगायचे आणि निर्णयाच्या वेळी गप्प राहायचे, अशी त्यांची रीत. आम्ही सरकारी-निमसरकारी माणसे गावात जातो ती बोलायलाच जातो, त्यामुळे ही रीत आम्हांला जरा टोचली.

यातून गावात अभ्यास गट निघाला. आपल्याकडे समिती म्हटली की अध्यक्ष, उपाध्यक्ष, चहा आणि ठराव. तिथे तसे नाही. ज्याला एखाद्या विषयात रस आहे त्याने बसायचे. पगार नाही, भत्ता नाही, सक्ती नाही. गटाने फक्त शोधायचे आणि समजून घ्यायचे. निर्णयाचा अधिकार गटाला नाहीच. तो ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. म्हणजे हात वर करून मोजणी नाही. एखादा जरी "मला पटत नाही" म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. बायकाही बरोबरीने बसतात आणि बोलतात. विषय वाचून व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" ऐकू येण्याचा अनुभव आपणां सर्वांना आहेच. त्यावर आम्ही काय लिहावे! "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गेली. पण आमच्या मते तिची ताकद त्या अभ्यास गटात आहे.

कशी ते पाहा. गावाने आधी जुने कागद काढले. जमीनदारी गेल्यावर तिथले जंगल सरकारजमा झाले, पण घरासाठी लाकूड, जळण, बांबू घेण्याचे गावाचे 'निस्तार' हक्क नोंदलेले होते. हे गावाला माहीत नव्हते, कारण कोणी वाचलेच नव्हते. वाचल्यावर बोलण्यात वजन आले. मग जंगलाचे नियम गावानेच केले. घराला लागेल तेवढे घ्यायचे, विकायला तोडायचे नाही. फळांसाठी झाड पाडायचे नाही. वणवा लावायचा नाही, लागला तर सगळ्यांनी विझवायला जायचे. पाळी लावून राखण करायची. बल्लारपूरच्या कागद गिरणीला त्या भागात बांबूचा ठेका होता, त्यालाही गावाने विरोध केला.

मधाचे उदाहरण आम्हांला फार आवडले. आग्या मोहोळ उतरवायचे म्हणजे खालून धूर-जाळ करायचा, माश्या मारायच्या, सगळी पोळी कापून आणायची, ही पूर्वापार पद्धत. आपल्याकडेही तीच आहे. अभ्यास केला तेव्हा ध्यानात आले की आग्या माशी मध पोळ्याच्या वरच्या अंगाला एका भागात साठवते, आणि अंडी-अळ्या बाकीच्या पोळ्यात असतात. अंगभर जाळीचा पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापला आणि पिलांचे पोळे तसेच ठेवले, तर माश्याही राहतात आणि पुन्हा मधही भरतो. मध स्वच्छ मिळतो, त्यात अळ्यांचा रस उतरत नाही, म्हणून दरही बरा. इथे कोणी पुण्याहून भाषण करून "मधमाश्या वाचवा" म्हटले नाही. माशी मध कुठे ठेवते एवढे नीट पाहिले, त्यातून माशी वाचली.

दुसरे उदाहरण बांबूचे. ते आपल्या धंद्याच्या जवळचे आहे. बांबू आणि ऊस एकाच कुळातले, दोन्ही गवतेच. दोन्हींचे बेट होते, दोन्ही खालून फुटतात. फरक असा की आपण उसाचे सगळे बेट एका वेळी जमिनीलगत छाटतो. बांबूच्या बेटात या वर्षाची आणि गेल्या वर्षाची कोवळी काठी सोडून तीन वर्षांवरची जून काठी काढायची असते. कोवळी काठी कापली की पुढचे कोंब बारीक येतात आणि बेट बसत जाते. हे जंगलात राहणाऱ्याला कळते, टनावर तोडणाऱ्याला कळून उपयोग नसतो. टनावर तोडण्याचे काय होते हे आपण ऊसवाले जाणतोच.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला लघु वनोपज म्हटले आणि गावाला सामूहिक वनहक्क मागण्याची सोय केली. मेंढ्याने मागणी केली, कागद पुरे केले, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत मेंढा आणि शेजारच्याच मर्दा गावाचे नाव आहे. हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो काही मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. त्यानंतर गाव स्वतः बांबू तोडते, स्वतः विकते आणि स्वतःच्या माणसांना मजुरी देते. पुढे २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे खाजगी शेतीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा. ते आपल्याला झेपणारे नाही. आम्ही तसे सुचवतही नाही, सभासदांनी दचकू नये.

मेंढ्यासारखेच चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव आहे. त्याला २०१२ साली हजार हेक्टरच्या आसपास जंगलाचा हक्क मिळाला. तेंदूपत्ता हे तिकडचे रोख उत्पन्नाचे मोठे साधन. पाचगावाने विचार करून तेंदूपत्ता तोडणे बंद केले. पाने जोमदार यावीत म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, त्यात जंगल जाते आणि टेंभराची फळे माणसालाही मिळत नाहीत आणि पाखरालाही. त्याऐवजी बांबूवर भर दिला आणि जंगलाचा एक तुकडा अजिबात हात न लावता राखून ठेवला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल कौतुकाने लिहिले होते. खुद्द चंद्रपूर शहरात 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी २०१७ साली गोंडकालीन किल्ल्याच्या तटावर वाढलेली झुडपे सकाळी सकाळी श्रमदानाने काढायला सुरुवात केली, आणि ते काम महिनोन् महिने रेटले. शहर कोळशाच्या खाणींचे आणि विजेच्या चिमण्यांचे, तरी तिथे पहाटे उठणारी पोरे निघाली.

हे सगळे गोडच आहे असे मात्र समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ वाढले आणि माणसे व वाघ यांची गाठही वाढली. मोहफुले पहाटे वेचावी लागतात, तेव्हाच अंधारात, वाकून. वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या त्या दिवसांत येतात. जंगल राखणाऱ्या गावाला ही किंमत माहीत असते. आपल्याकडे उसात बिबट्या आला की आपण चार रात्री झोपत नाही. तिकडची माणसे वर्षभर तशी राहतात.

मोहाखाली आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची त्या भागात जुनी सवय. तोच जाळ पुढे जंगलात शिरून वणवा होतो. म्हणून आता पाला झाडून, गोळा करून जागा साफ करा, असा प्रयत्न चालतो. बरोबरचे सभासद म्हणाले, "साहेब, आपलं पाचटच की हे." खरेच तेच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट आपण एका काडीने उडवतो. आम्ही वीस वर्षे त्यावर लिहितो आहोत. मोहाखाली झाडू मारणाऱ्या बाईला ते कोणी छापून दिले नव्हते.

संध्याकाळी एका अंगणात बसलो असताना त्या आजोबांनी विचारले, "तुमच्या गावच्या नाल्यावर कोनते झाडं आहेत जी?" आम्ही म्हणालो, "आहेत की, बरीच आहेत." आजोबा म्हणाले, "बरीच म्हंजे कोनते?" सगळे हसले. आम्हीही हसलो आणि विषय उसाच्या दरावर नेला.

आता आपल्याकडे येऊ.

निसर्गाचे निरीक्षण, स्वयंसेवा हे शब्द शहरी वाटतात. पण हे काम आपण दोनदा केले आहे, फक्त त्याला ते नाव दिले नाही. २००२ साली लोकरी मावा आला तो जुन्या सभासदांना आठवत असेल. पाने पांढरी, खाली काळी बुरशी, माणूस उसात शिरला की कपडे चिकट. फवारण्या करून हात टेकले. मग लक्षात आले की काही फडांत मावा आपोआप कमी होतोय. पाने उलटून पाहिली तर डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमसची पिले माव्यावर ताव मारताहेत. कोणाच्या फडात मित्रकीटक आहेत हे शेतकऱ्यांनी एकमेकांना सांगितले. अळ्या असलेली पाने काढून ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांच्या उसात नेऊन बांधली. पोरे शाळेतून आल्यावर पाने उलटत हिंडायची. कोणाला पगार नव्हता. ती शोधमोहीम नव्हती तर काय होते?

दुसरी हुमणीची. वळवाचा मोठा पाऊस झाला की दिवस मावळल्यावर भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. त्या रात्री सारा गाव मिळून फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकतो. एकट्याने केले तर शेजारच्याचे भुंगेरे येऊन अंडी घालतात, म्हणून हे काम गावानेच करायचे. मादी पन्नास-साठ अंडी घालते, म्हणजे एका रात्रीच्या कामाची किंमत आपल्याला माहीत आहे.

इथे आम्हांला आमची एक चूक कबूल करायची आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गटात हुमणी फार होती. तेव्हा आम्ही सांगितले, "बांधावरच्या बाभळी काढा, भुंगेरा बसायला जागाच ठेवू नका, वर सावलीने कडेच्या चार सऱ्या मार खातात त्याही सुधारतील." सभासदांनी ऐकले. बाभळी गेल्या. भुंगेरा गेला नाही. तो पांगून दूरदूरच्या झाडांवर बसू लागला आणि गोळा करायला सापडेना. झाड हा भुंगेऱ्याचा आयता सापळा होता, तो आम्हीच मोडला. त्याच बाभळींत आणि एका वठलेल्या आंब्याच्या ढोलीत गव्हाणी घुबडे होती. ती दिसेनाशी झाली, आणि पुढच्या दोन हंगामांत उंदरांनी ऊस कुरतडल्याच्या तक्रारी त्या गटातून वाढल्या. उंदीर वाढायला तेवढे एकच कारण असेल असे आम्ही म्हणणार नाही. पण घुबड हा उंदरांवर जगणारा पक्षी आहे, आणि झाडे काढण्याआधी त्यात काय राहते हे आम्ही पाहिले नव्हते, एवढे खरे. घुबड अपशकुनी म्हणून कोणाला त्याचे वाईटही वाटले नाही.

म्हणून या वेळी ओढ्याबद्दल आम्ही मत दिले नाही. "आधी मोजू" म्हणालो. गावातले नऊ जण तयार झाले. त्यांत दोन बायका, एक निवृत्त शिक्षक, एक मेंढपाळ, हायस्कूलची दोन पोरे. झाडे काढावीत असे म्हणणारे दोन सभासदही मुद्दाम घेतले. ऊसनोंदीची टेप आणि गट नंबरांचा नकाशा घेऊन चार रविवार सकाळी ओढ्याने चाललो. प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीला घेर, ढोली, घरटी, मुळाखाली माती धरली आहे की खचली आहे, आणि झाड कोणाच्या गट नंबराला लागून आहे, एवढे लिहायचे.

सर्वांत जास्त माहिती मेंढपाळाकडे निघाली. हायस्कूलच्या पोरांना पाखरांची पुस्तकी नावे माहीत, त्यांना पाखरे माहीत. खंड्या काठाच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, हे त्यांनी हात घालून दाखवले. दरड उभी सरळ तासली आणि दगडाने बांधली तर बीळ कुठे करणार? उंबराखालच्या डोहात पाणी मार्चअखेर होते, पुढे उघड्या भागात फेब्रुवारीतच संपले होते. सावली, मुळे की खालचा कातळ, यातले नक्की कारण एका वर्षात कळणार नाही. ज्या वळणावर झाडे पूर्वीच गेली होती तिथे दोन सभासदांचा बांध खचला आहे, हे मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. झाडे काढा म्हणणाऱ्यांपैकी एकाचा बांधही त्यातच आहे. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या सभासदाची तक्रार खरी निघाली. त्यांचे क्षेत्र सगळे मिळून पाऊण एकर, आणि दक्षिण काठाच्या तीन मोठ्या करंजांची सावली त्यांच्या उसावर पडते. कडेच्या ऊस-कांड्या बारीक आहेत, आम्ही मोजून पाहिल्या. "तुमचं पाखरू जगतंय, माझं टनेज जातंय," असे ते म्हणाले. याला आमच्याकडे उत्तर नाही. फांद्या विरळ कराव्यात, कडेच्या पट्ट्यात उसाऐवजी चारा घ्यावा, असे दोन पर्याय गटात निघाले. चाऱ्याचे उत्पन्न उसाइतके नाही, हे आम्हीच त्यांना सांगितले. मेंढ्याच्या रीतीप्रमाणे त्यांचे पटेपर्यंत विषय पुढे ढकलायचा, असे गटाला वाटते. ग्रामसभा तसे करील का, ठाऊक नाही.

याच कामात ग्रामपंचायतीतली जैवविविधता नोंदवही काढून पाहिली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते, हे बहुतेक सभासदांना माहीत नसेल. आम्हांलाही नीट नव्हते. नोंदवही होती, छापील, बांधलेली. काही वर्षांपूर्वी बाहेरची माणसे येऊन दोन दिवसांत भरून गेली होती. तिच्यात ओढ्यावर कधी नसलेली झाडे आहेत आणि उंबर नाही. घुबड तर नाहीच. ही वही दुरुस्त करून घेण्याचा अधिकार गावाला आहे. गटाच्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवून तिच्यात घालाव्यात, असा अर्ज दिला आहे. कागदावर नसलेले झाड तोडायला सोपे असते. मेंढ्याने निस्तारचे कागद वाचले ते याचसाठी.

ऊसतोडीच्या वेळचेही एक काम सांगून ठेवतो, कारण हंगाम येईपर्यंत विसरायला होते. फडाचा शेवटचा पट्टा तोडताना पिले सापडतात. कधी बिबट्याची, कधी कोल्ह्याची. अंगावर गंजासारखे ठिपके असलेली मांजरीएवढीसुद्धा नसलेली पिले ही वाघाटीची असतात. लोक ती बिबट्याची समजून घाबरतात किंवा टोपलीत घालून गावभर दाखवत फिरतात. तसे करू नये. तोड थांबवावी, टोळीला बाजूला न्यावे आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पिले सापडलेल्या जागीच राहू दिली तर रात्री आई येऊन नेते. आई बिबट्या असेल तर पिले हलवल्यावर ती चिडून शिवारात हिंडते, म्हणून यात आपलाही जीव सांभाळणे आहे. प्रत्येक टोळीच्या मुकादमाला हे सांगणारा एक माणूस गटागटात हवा. चिटबॉय मंडळींनी हे काम घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

ओढ्याची पुढची फेरी पावसाळ्यानंतर, पाणी वाहते असताना करायची आहे. उन्हाळ्यात कोरडे दिसणारे झरे तेव्हा कळतील, आणि बेडूक-मासे पाहायला मेंढपाळाने आपल्या भावाला आणायचे कबूल केले आहे. इतर गावांतल्या ज्या सभासदांना आपल्या ओढ्याची, पाणंदीची किंवा देवराईची अशी नोंद करायची असेल त्यांनी आपली नावे गट ऑफिसात द्यावीत. टेप, नकाशाची प्रत आणि नोंदीचे कोरे कागद ऊस विकास विभाग देईल. चहा ज्याचा त्याने आणायचा. झाडे काढावीत असे ज्यांचे मत आहे त्यांनी नाव अगोदर द्यावे. प्रत्येक फेरीत तसे दोघे तरी असावेत, असे गटाने ठरवले आहे.